भागीरथेच्या देव्हाऱ्यातल्या गोळ्या

हिंगणीत दर मंगळवारी भागीरथाबाईच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. म्हातारीचे डोळे तारवटलेले, जीभ कोरडी, हात थरथरणारे. मध्येच ती मेलेल्या नवऱ्याशी बोले. कवडू भगत लिंबू नाचवत ओरडे, "देवी आली! देवीले कोंबडा पाह्यजे, आन् तिच्या भगताले धोतरजोडा!" देवीला धोतराची काळजी कधीपासून लागली, हे कुणी विचारलं नाही.

भागीरथेला घुमणं आठवत नसे. नंतर बाया पाय चेपायच्या, भाकर द्यायच्या, ते मात्र आठवे. नवरा गेला, मुलगा भिलाईला गेला, तेव्हापासून देवी येईपर्यंत तिच्या दारात कुत्रंही फिरकत नव्हतं. म्हणून ती डॉक्टरांकडे जायची. सेलूला, वर्ध्याला, बाजारातल्या कंपाउंडरकडे. "काय होते माय?" असं विचारणारे तेवढेच उरले होते. प्रत्येक जण नवी गोळी देई. जुनी टाकणं म्हणजे तिला पाप वाटे. साऱ्या देव्हाऱ्यात ठेवून पूजेनंतर ती सगळ्यांतली एकेक प्रसादासारखी घेई.

एका मंगळवारी ती ओट्यावरून कोसळली. कपाळ फुटलं.

"देवीनं रक्त मांगलं!" कवडू गरजला.

शेजारच्या कोकिळाबाईने मात्र धावत जाऊन सरकारी दवाखान्यातल्या डॉ. मेश्रामबाईंना आणलं. त्यांनी जखम बांधली, जीभ पाहिली, आणि देव्हाऱ्यातल्या गोळ्या सुपात ओतल्या.

"ही रक्तदाबाची. ही झोपेची. ही पण झोपेचीच, नाव वेगळं. ही पोटदुखीची, ही चक्करेची. दोन्हींनी तोंड सुकते, जास्त झाल्या की भास होतात. देवी नाही, आजी, ही सुपातली औषधं घुमून राह्यली."

"देवीच्या कामात डॉक्टर काऊन?" कवडू म्हणाला.

"मी गोळ्या कमी करते. देवी खरी असंल तं गोळ्यांवाचूनही येईल ना?"

रक्तदाबाची गोळी बाईंनी ठेवली, झोपेची हळूहळू उतरवली, बाकीच्या बंद केल्या. भागीरथेचे हात स्थिरावले. देवी आली नाही. लोक नारळ घेऊन परतले, कवडूने दुसरं गाव गाठलं.

बाई तपासायला आल्या तेव्हा ओसरी रिकामी होती. भागीरथा हळूच म्हणाली, "बाई, त्या गोळ्या देऊन टाका मले. देवी आली की माणसं येतात."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या तिथेच बसून राहिल्या.

लोकहो, डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरातली सारी औषधं सोबत न्या. कोणती ठेवायची, कोणती सोडायची, त्यांनाच विचारा. आणि शेजारी एकटी म्हातारी असेल, तर तिच्या अंगात देवी यायची वाट पाहू नका. आजच जा. ती माणूस आहे, एवढं कारण पुरे.