कुलूप लागलं का?

थकलोय मी, सरळ सांगतो. माझी बायको सुकन्या शनिशिंगणापूरची. घराला दारच नाही अशा घरात ती वाढली, आणि श्रीरामपूरला माझ्या घरी आल्यावर तिच्या डोक्यात कुलूप बसलं. कोपऱ्यापर्यंत गेलो की परत फिरायचं, कुलूप ओढून बघायचं, निघायचं, पुन्हा फिरायचं. तिकडं सासूबाईंनी अंथरूण धरलंय, लेकीला एकदा बघायचंय म्हणतात, आणि एसटी आमच्याशिवायच जाते.

तिला नगरच्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे नेलं, त्यांनी विचारांपासून सुरुवात केली. कुलूप उघडं राहिलं याला पुरावा काय, राहिलं नसेल याला काय, दोन्ही मांडायचं. सुकन्या म्हणाली, "मॅडम, मी बघते म्हनून तर चोरी झाली न्हाई." घ्या आता. मॅडमचं काही चुकलं नव्हतं, पण वादात माझ्या बायकोला हरवणारा अजून जन्मायचाय.

मग गावातल्याच एका समुपदेशक सरांकडे गेलो. त्यांची रीत निराळी. विचाराशी भांडायचंच नाही. एकदा कुलूप लावायचं आणि निघायचं. जीव घाबरा झाला तर होऊ द्यायचा, तो आपोआप शांत होतो. मला पटलं, पण सुकन्याला फरक पडेना.

सरांनी मलाच धरलं. "भागवतराव, तिनं 'कुलूप लागलं का' विचारलं की तुमी काय म्हनता?"

"लागलंय म्हनतो. रडती हो ती."

"म्हंजे तिच्याऐवजी तुमीच कुलूप ओढून बघता. यापुढं फक्त 'म्हाईत न्हाई' म्हनायचं."

लई राग आला. इतकी वर्षं मायेनं दिलेलं उत्तर, आणि तेच म्हणे दुखण्याला खतपाणी.

काल दोघं एसटीत बसलो. गाडी स्टँडबाहेर पडली आणि तिनं माझी बाही धरली. "अहो, लागलं ना कुलूप?"

"म्हाईत न्हाई."

"एवढं एकदा सांगा."

"म्हाईत न्हाई, सुकन्या."

कुलूप मीच लावलं होतं. तोंडाशी आलेलं गिळताना माझेच डोळे भरले. नेवासा फाट्यापर्यंत ती रडली, मग खिडकीबाहेर बघत बसली. उतरून परत फिरली मात्र नाही.

सासूबाईंना तिची खोड ठाऊक. लेक आल्या पावली उठून जाईल याची त्यांना धास्ती. तिला बघताच त्यांनी क्षीण आवाजात तेच विचारलं, "आलीस व्हय? कुलूप लावलंय ना नीट?"

सुकन्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"म्हाईत न्हाई, आई," ती म्हणाली, आणि आईचे पाय मांडीवर घेऊन चेपत बसली.