लिलीवरचा सोमल

पलटणीतून पेन्शनीवर आल्यावर सयाजीचं साताऱ्याकडच्या आपल्या गावात मन रमेना. सांगलीत हळदीची अडत चालवणाऱ्या हंबीररावांच्या बंगल्यावर तो बागेच्या कामाला लागला, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. सेहेचाळीस सालच्या श्रावणात फाटकापासून पायऱ्यांपर्यंतच्या लिलीवर अळी पडली. काळी अळी, अंगावर पांढरे-नारिंगी ठिपके. दिवसा ती पानांच्या बुडख्यात दडायची आणि सकाळी बघावं तर पाती अर्धी कुरतडलेली.

सयाजी उजाडताच वाफ्याशी उकिडवा बसे. पानं उलटी करून अंडी चिरडी, अळ्या वेचून रॉकेलच्या डब्यात टाकी. तंबाखूच्या काढ्यात साबण कालवून फवारी. अळी हटत होती, पण सावकाश.

हंबीररावांना तेवढा दम नव्हता. आठवड्यानं त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते. त्यांनी सयाजीच्या हातात एक डबी ठेवली.

"सोमल हाय. पाण्यात कालव आन् मार पिचकारीनं."

"मालक, लय जहाल इख असतंय हे. कुणाच्या जनावरानं तोंड लावलं म्हंजे?"

"बंगल्यात कुठली आली जनावरं? मार म्हटलं न्हवं?"

सयाजीला त्याच क्षणी बयाबाई आठवली. मागच्या मोकळ्या रानात पाल ठोकून राहणारी ती धनगरीण. जतकडच्या दुष्काळानं इथवर आलेली, नवरा बिराप्पा अंगावरून वारं गेल्यामुळं अंथरुणाला खिळलेला, आणि दावणीला एकुलती एक शेळी. वाफ्याच्या कडेची हरळी कापून न्यायला सयाजीनंच तिला सांगितलं होतं. पण ती दर तीन दिवसांनी येई, तिची पाळी परवाची. संध्याकाळी पालावर जाऊन सांगू, असं म्हणून त्यानं पिचकारी भरली.

संध्याकाळी मालकांनी त्याला खुर्च्या-सतरंज्या आणायला पिटाळलं, आणि ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंड्या आणायला मिरजेला जावं लागलं. दुपारी तो फाटकातून आत आला, तर वाफ्याची कड विळ्यानं लख्ख कापलेली. बयाबाई एक दिवस आधीच येऊन गेली होती.

तसाच तो पालाकडं धावला.

पालापुढं चूल पेटली होती. शेजारचा अर्जुना कातडं ताणून वाळत घालत होता. "सापाचं पान लागलं शेळीला," तो म्हणाला. "तोंडाला फेस, पाय खोरत हुती. मरायच्या आत मीच सुरी फिरवली. म्हटलं, मटण तरी वाया जायला नगं."

चुलीवर पातेलं रटरटत होतं. सयाजीनं ते लाथेनं उलथून टाकलं.

"सयाजीदादा!" बयाबाई किंचाळली. "याड लागलं का तुमास्नी?"

"साप न्हवं, बयाक्का. त्या गवतावर मी सोमल मारलाय. कुणी खाल्लं काय यातलं?"

बयाबाईनं पालाच्या आत बोट दाखवलं. "काळीज भाजून दिलं ह्यांस्नी. आजाऱ्याला चांगलं म्हणून."

सयाजीनं मिठाचं पाणी पाजून बिराप्पाला ओकायला लावलं, त्याला पाठीवर घेतलं आणि रस्त्यावर टांगा थांबवला. दवाखान्यात पोचेपर्यंत बिराप्पाच्या पोटात गोळे उठले होते. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सयाजीनं काही न लपवता सगळं सांगितलं.

तोवर बंगल्यावर बातमी पोचली होती. हंबीरराव दवाखान्याच्या आवारात आले, त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "साप म्हणत्यात न्हवं सगळे? मग सापच ऱ्हाऊ दे."

"डॉक्टरला सांगितलं मी, मालक."

"मग उद्यापास्नं कामाला येऊ नगंस."

दुसऱ्या दिवशी पहाटे सयाजी शेवटचा बंगल्यात शिरला, आणि फवारलेली पानं, कडेचं उरलेलं गवत आणि वरची माती खरवडून कुंपणापाशी कमरेएवढ्या खड्ड्यात पुरून आला. मग पालापाशी शेळीचं उरलेलं धड, कातडं आणि सांडलेलं मटणही तसंच पुरलं. अर्जुनानं त्याला फावडं दिलं.

चौथ्या दिवशी बिराप्पाचा धोका टळला. सयाजी रोज दवाखान्याच्या ओसरीवर येऊन बसत होता. बयाबाई बाहेर आली, त्याच्यापासून हातभर अंतरावर टेकली.

"शेळीच्या दुधाचा तेवढाच आधार हुता आमचा," ती म्हणाली.

"ठावं हाय, अक्का."

"धावत आला म्हणून हे वाचलं. पन आदल्या दिवशी नुसतं येऊन सांगाया काय झालं हुतं वं?"

खुर्च्या-सतरंज्यांचं कारण सांगायची सयाजीला लाज वाटली. त्यानं मान खाली घातली. बयाबाई पदर सावरून नवऱ्याकडं आत गेली.