थेंबवाल्या बाबांचा फळा

मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. गावभर तापाची साथ, तरी दवाखान्यातले बाक ओस आणि इथे बाबांच्या पाण्याच्या थेंबासाठी रेटारेटी. फळ्यावर खडूने लिहिलं होतं: शिंपी, प्लेटलेट्स काल २०,०००, आज ३०,०००.

"एका थेंबात दहा हजार!" बाबा गरजले. "रक्ततपासणीचं पाकीट तुम्ही उघडाल तर नजर लागेल, गुण जाईल. मीच वाचून फळ्यावर लिहीन. पाकीट माझ्या टोपलीत, काळजी माझ्या डोक्यावर!"

त्या डोक्यावर तेल तेवढं भरपूर होतं.

गणिताच्या बाई भावाला शोधत आत घुसल्या. आजारी भावजय खांबाला टेकून बसली होती, हिरड्यांतून रक्त येत होतं.

"ताई, बघ, घसरण थांबली!" भाऊ हरखून म्हणाला. फळ्यावर तिच्या नावापुढे होतं: काल ३०,०००, आज ३०,०००.

"वन्सं, मग मला उभंही का राहवत नाही?" भावजयीने विचारलं.

बाईंनी फळा नीट पाहिला. प्रत्येक आकड्याच्या शेवटी चार शून्यं. रक्त इतकं शिस्तीत कधीपासून वागायला लागलं? त्यांनी सरळ टोपली उपडी केली आणि पाकिटांतले कागद बाहेर काढले. भावजयीची काल ३४,९००, आज २५,१००.

"हा चमत्कार नाही, पाचवीचं गणित आहे!" बाईंनी खडू उचलला. "हजाराच्या घरात पाचाहून लहान अंक असेल तर दहा हजारांवर खाली उतरायचं, पाच किंवा मोठा असेल तर वर चढायचं. म्हणून हे दोन्ही तीस हजार! एका दिवसात नऊ हजार आठशे कमी झाल्या, त्या यांनी लपवल्या. आणि शिंपी? चोवीस हजार सातशेवरून पंचवीस हजार दोनशे. वाढ फक्त पाचशे!"

"बाई, देव सुट्टे मोजत नाही," बाबा हसले.

"माणूस त्या सुट्ट्यातच मरतो," बाई कडाडल्या.

भावाने बायकोला उचलून दवाखान्यात नेलं. "काल का नाही आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

"ताई, पाकीट आधी माझ्याच खिशात होतं गं, न उघडताच टोपलीत टाकलं," भाऊ पुन्हापुन्हा म्हणत राहिला. बाईंना त्याचा संताप आला होता.

बाबा रातोरात पसार झाले, फळा मागे राहिला. बाईंनी तो दवाखान्याच्या दारात लावला. त्यावर रोज त्या स्वतः लिहितात: पाकीट उघडा. आकडा पूर्ण वाचा. कळला नाही तर डॉक्टरांना विचारा, लाजू नका.