राजाच्या मागचा माणूस

अध्यक्षपद आज आपल्याला मिळणार, अशी गिरीशची खात्री होती. २००४ सालची दिवाळी. डब्लिनच्या मराठी मंडळाचे संस्थापक मनोहरकाका व्याख्यानानंतर नवा अध्यक्ष जाहीर करणार होते. गाडीत तेच म्हणाले होते, "आता तू सांभाळ रे."

काका निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. नजर अधू झाली तशी त्यांनी गाडी सोडली आणि गिरीशला धरलं. ऑफिस सुटलं की गिरीश त्यांना न्यायचा, आणायचा, त्यांच्या स्लाइड्स करायचा, कोट धरायचा. बायको रेणू म्हणायची, "मला नवे सासरे आणलेस की काय?"

व्याख्यान प्रशियाच्या जनरल फॉन लिंडेकवर होतं. साधा लेफ्टनंट म्हणून भरती, लढाईत मांडीला गोळी, मग राजाचा अ‍ॅडज्युटंट. राजाचे निरोप पोचवत, राजाच्या मागे उभं राहत माणूस जनरल झाला.

"आणि एका मेजवानीत," काका म्हणाले, "त्याने राजाच्या घोडेस्वारीवर विनोद केला. सगळे हसले, राजाही हसला. निघताना राजाने स्वतःच्या हाताने त्याला कोट चढवला. म्हणाला, तब्येत सांभाळा. दुसऱ्या दिवसापासून राजवाड्याचं दार बंद."

गिरीशने हे गाडीत कितीदा तरी ऐकलं होतं. आत्ता स्लाइड सरकवताना तो मनात आभाराचं भाषण जुळवत होता.

व्याख्यान संपलं आणि आभार मानायला माइक गिरीशच्या हातात आला. "राजाच्या मागे लिंडेक, तसा काकांच्या मागे मी. फरक एवढाच, राजाला निदान घोड्यावर बसता येत होतं. काकांना कोथिंबीर आणायलाही मीच लागतो!"

हॉल हसून लोटपोट झाला. "क्या बात है यार!" शंतनू ओरडला. काकाही हसले, अगदी डोळे पुसेपर्यंत.

मग त्यांनी माइक घेतला. "आपला नवा अध्यक्ष, शंतनू."

शंतनूला मंडळात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. टाळ्या पडत असतानाच काकांनी खुर्चीवरचा गिरीशचा कोट उचलला आणि ते त्याच्यामागे उभे राहिले.

"घाल. बाहेर गारठा आहे. फार दमलास रे. तब्येत सांभाळ."

गिरीशला बाही सापडेना. पहिल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"काका, मी सोडतो ना तुम्हाला घरी."

"शंतनू सोडेल." काकांनी त्याची कॉलर नीट केली. "तू फक्त प्रोजेक्टर त्याच्या गाडीत ठेव."

गिरीशने ठेवला. शंतनूच्या गाडीच्या काचेवर बर्फ धरलं होतं. तेही त्याने खरवडून काढलं.