आखूड फळी

शांतवनने करवत थांबवली आणि कापलेलं टोक खाली पडायच्या आत हातात झेललं. चर्चच्या आवारातल्या चिंचेखाली दोन लाकडी घोडे मांडून त्यांवर फळ्या टाकल्या होत्या. निवृत्त सुभेदार योसेफ साळवे पहाटे गेले होते आणि दफनाची वेळ चारची ठरली होती. चर्चच्या मंडळीत कोणी गेलं की शवपेटी शांतवनने करायची, ही रीत त्याच्या वडिलांपासूनची. वडिलांनी एकच गोष्ट बजावून ठेवली होती. माणूस गेल्याशिवाय त्याच्या पेटीच्या लाकडाला हात लावायचा नाही.

रिक्षा बाजूला लावून मदतीला आलेला दावीद फळीचं दुसरं टोक धरायला वाकला आणि थबकला.

"शांतवनदादा, सुभेदार सहा फुटी गडी. ह्यात त्यांचं निम्मं अंग बी मावायचं न्हाई."

शांतवनने फळीकडे पाहिलं. टेप न लावताच त्याने पेन्सिलीची खूण केली होती. नजरेच्या मापात तो सहसा चुकत नसे. हे मापही ओळखीचं होतं, फक्त सुभेदारांचं नव्हतं. त्याने करवत खाली ठेवली.

"चुकलं," तो म्हणाला.

दावीदच्याही लक्षात आलं असावं. तो आत गेला आणि दुसरी फळी घेऊन आला.

सुभेदारांना मातीआड केल्यावर लोक पांगले. ती आखूड फळी आवारात सोडून जाणं शांतवनच्या जिवावर आलं. कोणाच्या हाती लागली, कोणी विचारलं, तर काय सांगायचं? त्याने ती गोणपाटात गुंडाळली आणि काखेत मारून घरी निघाला. गावावरच्या किल्ल्यामागे ऊन उतरत होतं. दारोदारी नाताळच्या चांदण्या लागल्या होत्या. शांतवनच्या दारातही त्याच्या बायकोने, करुणाने लावली होती, आणि दरवर्षीपेक्षा मोठी.

त्यांची एकुलती एक लेक सृष्टी आत खाटेवर होती. मिरजेच्या डॉक्टरांनी मोठ्या मायेने समजावून सांगितलं होतं, की रक्तातला आजार आता औषधाला दाद देत नाही, पोरीला घरी न्या, तिला आवडेल ते खाऊ घाला. परतीच्या एसटीत करुणा कराडपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "डॉक्टरांचं सांगून झालं. आता आपुन देवाला सांगायचं." त्या दिवसापासून घरात रडायला बंदी झाली. दर रविवारी ती उपासनेत उभी राहून साक्ष द्यायची, माझी लेक ह्या नाताळात देवदूत होऊन नाचणार आहे म्हणून. बाया डोळे पुसायच्या. शांतवन मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचा.

प्रार्थना त्याच्याकडून होत नव्हती. ओठ हलवायचा, सगळ्यांबरोबर आमेन म्हणायचा, की झालं. सल्ला द्यायला मात्र मंडळीत कोणी मागे नव्हतं. मोबाइलवरच्या मंडळीच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ जोडलेल्या हातांचा पाऊस पडायचा. उपास-प्रार्थनेला आलेल्या एका बाईने तर घरातल्या एकाचाही विश्वास डळमळला तरी वर गेलेली प्रार्थना अडते, असं ठणकावून सांगितलं होतं. सांगताना ती शांतवनकडे बघत होती, निदान त्याला तरी तसं वाटलं. तेव्हापासून तो एक धोंडा छातीवर घेऊन वावरत होता. पोरीचं बरं होणं आपल्यामुळे अडलं असेल तर? आणि आज तर तिच्या मापाची फळी कापून त्याच्या हातांनी उघड उघड कबुलीच दिली होती.

घरामागे धुण्याच्या दगडापाशी जुना पत्रा होता. पत्र्यामागे फळी सरकवताना गोणपाट निसटलं.

"काय लपवताय?"

करुणा मागच्या दारात उभी होती. हातात शिवायला घेतलेला पांढरा फ्रॉक, ओठांत सुई. नाताळच्या नाटकासाठी ती तो शिवतेय, असं शांतवन धरून चालला होता. गेले काही दिवस मशीन चालू झालं, की शांतवन उठून बाहेर जायचा.

"काय न्हाई. सुभेदारांच्या पेटीची उरलेली फळी हाय."

तिने ओठांतली सुई काढून पदराला टोचली. पायरी उतरून आली आणि फळीवरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कापलेल्या कडेला बोटं थांबली. शांतवन वाट बघत होता. ती ओरडेल, तोंडावर फ्रॉक फेकेल, विश्वासघातकी म्हणेल. काहीही म्हटलं असतं तरी त्याने ऐकून घेतलं असतं.

करुणाने फळी दगडाला टेकवून उभी केली आणि तिच्याशेजारी फ्रॉक धरला. खांद्यापासून घेरापर्यंत बघितलं. वर डोक्याची जागा हाताने मोजली, खाली पायांची.

"आखूड पडंल," ती म्हणाली.

त्याला कळेना.

"गेल्या नाताळातली सृष्टी डोळ्यांपुढं हाय तुमच्या. आजारात बी वाढली ती. मला फ्रॉकची उंची दोनदा वाढवाय लागली."

"करुणा, नाटकाचा फ्रॉक..."

तिने फ्रॉक उलटा करून त्याच्या हातात दिला. पाठीमागून तो गळ्यापासून खालपर्यंत उघडा होता. बटणं नव्हती, काजं नव्हती, नुसते बांधायचे बंद होते. असे कपडे शांतवनने पुष्कळदा पाहिले होते. मंडळीतली एखादी बाई गेली, की तिला घालायचे कपडे करुणाच बेतायची. अंग उचलावं लागू नये म्हणून पाठ उघडी ठेवायची.

तो फ्रॉक हातात घेऊन दगडावर बसला. इतके दिवस मशीनचा आवाज ऐकून तो स्वतःलाच खात होता, आणि ती आत बसून हे शिवत होती.

"मग रविवारी उभी राहून बोलतीस ते?"

"ते खरंच बोलते. मागायचं सोडल्यालं न्हाई मी. शेवटच्या श्वासापतोर मागणार." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "पर त्यानं न्हाई म्हटलं, तर माझ्या लेकराला मी तशीच न्हाई धाडणार."

आणि घरात रडायचं नाही, हा स्वतःचा नियम तिने घराबाहेर, धुण्याच्या दगडापाशी मोडला. शांतवनने तिला जवळ घेतलं. तोही रडला.

"कापल्याली फळी वाढवता येत न्हाई," डोळे पुसत तो म्हणाला.

"मग दुसरं काय तरी करा हिचं. लेकरू कवापासनं मागतंय, चित्र काढाय मांडीवर पाट पायजे म्हणून."

त्याने अंधार पडायच्या आत फळीला रंधा मारला. कडा घासून गुळगुळीत केल्या, दोन बाजूंना आडवे पाय ठोकले. खाटेवर आडवा पाट ठेवायला गेला, तर तो दोन्हीकडून बाहेर यायला लागला. त्या फळीला पुन्हा करवत लावायला मन धजेना, तेव्हा त्याने ठोकलेले पाय काढले आणि फळी नुसतीच सृष्टीच्या कडेला, भिंतीलगत ठेवली. तिने मान वळवून फळीकडे पाहिलं. मग पाय ताणले, अंगठे पुढे काढले आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"पप्पा, ही माझ्यापेक्षा बुटकी हाय."

"व्हय गं," करुणा म्हणाली. "तू मोठी झालीस."

दिवेलागणीच्या प्रार्थनेला तिघांनी हात धरले. रोज करुणाच सुरुवात करायची. आज ती थांबली. शांतवनने डोळे मिटले. काय मागावं ते त्याला सुचेना. मोठं मागायची हिंमत नव्हती आणि काहीच न मागता हात सोडवत नव्हते.

"बापा," तो म्हणाला, "आजची रात नीट जाऊ दे." एवढंच, आणि करुणाने आमेन म्हटलं.