टाकीवरचा गोठा

पाल्मारेस गावात आपल्याइतकं स्वच्छ कुणी नाही, असं एदुविहेसबाई स्वतःच सांगत फिरतात. मी निकानोर, त्यांच्या संडासाची टाकी उपसणारा. मला विचाराल तर इतकी घाण मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेली नाही.

टाकीचं काम साधं असतं. गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी अंगणाखालच्या खडीत जाऊन जिरतं. गाळ खायला जंतू असतात, बिचारे फुकट राबतात. बाई रोज त्यांच्या डोक्यावर बाटलीभर क्लोरीन ओततात. जंतू मेले, गाळ चढला, खडी तुंबली. त्यात यंदा बाईंनी नाताळच्या देखाव्यासाठी अंगणात बाळ येशूचा सिमेंटचा गोठा बांधला, तोही नेमका टाकीच्या झाकणावर. अक्कल गहाण ठेवली की असंच व्हायचं!

जानेवारीत देखावा उतरवण्याआधी बाळ येशूची प्रार्थना ठेवली, त्या दिवशी सकाळीच मला बोलावणं आलं. ताकीद अकरा वर्षं जुनीच: गाडी कोपऱ्यामागे, मी मागच्या दारानं. कॉफी मार्गारीनच्या रिकाम्या डब्यातून.

"गोठा फोडावा लागेल," मी म्हणालो.

"वेड लागलंय का तुला? चार वाजता साठ माणसं यायचीत! पोरीची होणारी सासू यायचीय! काहीतरी ओत आणि जा."

"ओतायचं काम तुमचं, बाई. मी उपसतो."

"फार शहाणा झालायस! पाहुणे जाईपर्यंत कोपऱ्यावर बस मग."

बसलो. मला काय, तमाशा फुकटात बघायला मिळणार होता.

साठ माणसांनी केळीच्या पानात वाफवलेले तामाल खाल्ले, कॉफी ढोसली आणि संडासापुढे रांग लावली. जपमाळ निम्मी झाली असेल नसेल, मोरीच्या जाळीतून काळं पाणी उसळलं ते थेट दिवाणखान्यात, होणाऱ्या सासूबाईंच्या पांढऱ्या बुटांपर्यंत.

बाई धापा टाकत कोपऱ्यावर आल्या. "निकानोरदादा, चला हो! पुढच्या दारानंच या, पाया पडते!"

मी पुढच्या दारानं आत गेलो आणि दिवाणखान्यातल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलो.

"आधी कॉफी," मी म्हणालो. "पाहुण्यांच्या कपातून."

साठ माणसांसमोर त्यांनी मला गुलाबांच्या नक्षीचा कप दिला. मी सावकाश प्यालो. मग सासूबाईंनीच बाळ येशूला उचलून कडेवर घेतलं, मी गोठा फोडला आणि टाकी उपसली. बाईंची अब्रू थोडीफार वाचली. सोयरीकही टिकली.

निघताना मागच्या दाराशी कचऱ्याची पिशवी दिसली. वरच गुलाबांचा कप होता. त्याला साधा टवकाही उडाला नव्हता. शी! असल्या स्वच्छतेची मला शिसारी येते.

घरी येऊन मी गाडीचा उपसायचा पाइप धुतला. अकरा वर्षं तो त्या बाईची घाण ओढतोय. फेकून द्यावा असं मला कधी वाटलं नाही.