गालातला बोल्ट

शर्यत सुटायचे लाल दिवे विझले, रांगेतल्या सगळ्या गाड्या एकदम किंचाळल्या, आणि "सांभाळून गं" म्हणायला मामाने तोंड उघडलं तेव्हा त्याच्या जिभेला लोखंड लागलं.

त्याने ते हळूच तळहातावर काढलं. बोटभर लांबीचा बोल्ट. थुंकीने ओला, गालाच्या उबेने कोमट.

मामा दोन पावलं मागे सरकला. पाठीमागचा टायरांचा ढीग नसता तर तो खालीच बसला असता.

तोंडात बोल्ट धरणं ही त्याची जुनी सवय. दोन्ही हात गाडीखाली गुंतलेले असले की तिसरा हात म्हणजे गाल. तरुणपणी तो तोंडात चार बोल्ट ठेवून सासऱ्यांना भेटायला गेला होता म्हणे, आणि सासरे घरी म्हणाले, मुलगा कमी बोलतो, द्यायला हरकत नाही. खरंखोटं मामीला ठाऊक. पण काम संपल्यावर गालात बोल्ट उरणं, आणि गाडी शर्यतीत सुटलेली असणं, ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती.

कारण मामा भित्रा होता. साधासुधा नाही, नामांकित भित्रा. जिना उतरताना तो कठडा धरायचा, आणि कठडा निखळेल म्हणून दुसऱ्या हाताने भिंत. भरलेल्या सिलिंडरजवळ तो शिंकायचासुद्धा नाही. प्रत्येक बोल्ट तो तीनदा आवळायचा: एकदा कामासाठी, एकदा खात्रीसाठी, एकदा झोप लागावी म्हणून. अख्खं गॅरेज त्याला मामा म्हणायचं, पण खरा मामा तो गाडी चालवणाऱ्या पोरीचा. सख्ख्या बहिणीची मुलगी. ताईने तिला शर्यतीच्या गाडीत बसू दिलं ते एका अटीवर. म्हणाली होती, "नटबोल्ट तू आवळणार असशील तर बसू दे. तुझ्याएवढं घाबरट दुसरं कोण मिळणार मला?"

या शर्यतींचा एक तिरपागडा नियम आहे. गाड्या दिसायला तुमच्याआमच्या दारात उभ्या असतात तशाच, पण जी जिंकेल तिच्यात पुढच्या शर्यतीला वजन टाकतात, म्हणजे मागच्यांनाही आशा राहावी. शनिवारी पोरीने रांगेतली पुढची जागा मिळवली, रविवारी सकाळची शर्यत मारली, आणि बक्षीस म्हणून दुपारच्या शर्यतीला तिच्या शेजारी शिशाच्या चार पाट्या आल्या. एकेक पाटी वर्षाच्या गुटगुटीत पोराएवढी जड. पाटीला दोन बोल्ट, म्हणजे झाले आठ. मामा नेहमी नऊ घ्यायचा. एखाद्याचा आटा गेला तर धावाधाव नको.

नववा गालात.

आज नऊ घेतले होते का आठ?

तिथेच घोडं अडलं. तो पाट्या बसवत होता तेव्हा पोर खिडकीतून वाकून म्हणाली होती, "मामा, या शिशापेक्षा तूच बस ना शेजारी. वजन तेवढंच आणि गप्पाही होतील."

"मी बसलो तर गाडी पहिल्या वळणाला परत फिरेल."

"का?"

"मी उतरीन ना."

दोघं हसली होती. सकाळच्या विजयाची हवा मामाच्याही डोक्यात शिरली होती. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच तो काम करता करता घाबरला नव्हता, आणि आता त्याला ते हसणं लख्ख आठवत होतं. डब्यातून किती बोल्ट उचलले, ते मात्र काही केल्या आठवेना.

नववा असेल तर काही नाही. आठवा असेल तर एक पाटी एकाच बोल्टवर लटकली होती. वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर गाडी आपटणार, फेरीमागून फेरी आपटणार. तो एक बोल्ट ढिला होणार, आणि मग ते शिसं पोरीच्या पायांशी येणार, ब्रेकवर. मामाच्या डोळ्यांपुढे हे इतकं स्वच्छ उभं राहिलं की त्याने ओठ घट्ट मिटले.

समोरच्या पडद्यावर ती दुसरी होती. लाल गाडी तिच्या मागे, अगदी शेपटीला. हिशेब सगळ्यांना पाठ होता: लाल गाडीच्या पुढे राहिली की वर्षाचा चषक तिचा.

गाडीचे मालक हात चोळत उभे होते. मामा त्यांच्याजवळ गेला आणि तळहात पुढे केला.

"हे काय?"

"बोल्ट. पाटीचा असेल."

"असेल म्हणजे? नक्की?"

"नक्की नाही."

"मग?"

"नक्की नाही म्हणूनच तर, मालक. तिला आत बोलवा."

मालकांच्या चेहऱ्यावरचं रक्त आधी उतरलं, मग चढलं. मागच्या मोसमात मामाने अशीच गाडी थांबवायला लावली होती. पेट्रोल गळतंय, वास येतोय म्हणून. सगळी गाडी हुंगून झाल्यावर वास मालकांच्या नव्या अत्तराचा निघाला. ते अत्तर त्यांनी त्या दिवसापासून सोडलं, आणि मामाला सांगून ठेवलं होतं की पुन्हा उगाच गाडी थांबवलीत तर हत्यारांची पेटी उचलायची.

"मामा, आठवतंय ना मी काय म्हणालो होतो?"

"तेवढं आठवतंय."

पोरीशी रेडिओवर बोलणाऱ्या इंजिनीअरने एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा बोल्टकडे, आणि कानावरचा हेडफोन काढून मामाच्या हातात दिला. "तुम्हीच बोला. माझी जीभ वळणार नाही."

"बाळा," मामा म्हणाला. "आत ये. एक बोल्ट राहिला असावा पाटीचा."

इंजिनाच्या गर्जनेतून तिचा आवाज आला. "भोक रिकामं बघितलंस का तू?"

"नाही. बोल्ट माझ्या तोंडात निघाला."

"तो नेहमीच असतो तुझ्या तोंडात."

"आज मला आठवत नाहीये गं."

मग ती म्हणाली, "पाटी हलते का बघते. हात पोचत नाहीये. पट्टे आवळलेत."

"हात नको घालू. समोर बघ."

"मामा, आत आले तर वर्ष गेलं."

"हो."

"नुसतं हो काय म्हणतोस?"

"ये."

ती उरलेली अर्धी फेरी मामाने कशी काढली ते त्याचं त्याला माहीत. पडद्यावर गाडी उंचवट्यावर चढली की त्याचा श्वास वर, उतरली की खाली. प्रत्येक उसळीला त्याला शिसं सुटताना दिसे. लांब वळणावर तिची गाडी किंचित डगमगली तेव्हा त्याने चक्क पडद्यासमोर हात धरला, पडणाऱ्या लेकराला झेलावं तसा. कोणी हसलं नाही.

आणि गाडी वळली. लाल गाडी सुसाट पुढे निघून गेली, हिची गाडी हळू होत गॅरेजच्या दारात येऊन थांबली.

मामाने शेजारचं दार उघडून अंग आत झोकून दिलं. आत भट्टी तापली होती. त्याची बोटं पाट्यांवरून धावली. पहिलीचे दोन. दुसरीचे दोन. तिसरीचे. चौथीचे. पाना लावून पाहिला, एकही केसभर हलेना. सगळे जागच्या जागी होते, जन्मापासून तिथेच असल्यासारखे.

हेल्मेटमधून तिचे दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. मामाने मान हलवली, दार लावलं, छतावर थाप मारली. गाडी गेली, सगळ्यांच्या शेवटी.

मामाच्या मुठीत तो नववा बोल्ट होता. गाडीत डोकं घातलं होतं त्याने एकट्याने. एक बोल्ट नव्हता, आता बसवला, एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं. निष्काळजी ठरला असता, पण पोरीला वाचवणाराही ठरला असता. पेटी जागेवर राहिली असती. मालकांनी कदाचित मिठीही मारली असती.

"होतं का भोक रिकामं?" मालकांनी विचारलं. विचारतानाच त्यांच्या आवाजात अजिजी होती. रिकामं असू दे, म्हणजे हे सगळं फुकट गेलं नाही असं तरी म्हणता येईल.

मामाने मूठ उघडून बोल्ट त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवला.

"नाही. सगळे होते. हा जास्तीचा."

मालक बोल्टकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "टीमचं जॅकेट खुंटीला लावून जा, मामा."

पलीकडे लाल गाडीच्या गॅरेजमध्ये टाळ्या वाजत होत्या तेव्हा मामाने जॅकेटची चेन लावली, कॉलर सरळ केली आणि खुंटीला अडकवलं.

घरी जायला पोरीची स्वतःची गाडी होती, जुनी, छोटी. तिने मामाची पेटी मागच्या सीटवर आदळली आणि म्हणाली, "बस. बोलू नकोस माझ्याशी."

"बरं."

शहराबाहेरच्या रस्त्याला लागल्यावर तीच बोलली. "एक बोल्ट नव्हता असं सांगून टाकायचंस ना. मालकांनी काढलं नसतं तुला. मीही सगळ्यांना सांगत फिरले असते, मामामुळे वाचले म्हणून. कोणाला कळणार होतं?"

"कोणाला नाही."

"मग?"

मामाने खिडकीबाहेर पाहिलं. "तसं सांगितलं असतं तर पुढच्या वेळी गाडीत बसलीस की तू आधी पाट्यांकडे बघितलं असतंस. वळणावर एक डोळा तिकडे राहिला असता. आता तुला माहीत आहे, बोल्ट होते. माझ्या हातचे सगळे असतात." तो थोडा थांबला. "घाबरायला मी आहे ना. तू कशाला?"

वेगाच्या काट्याकडे तिची नजर गेली, आणि तिने अॅक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलला. मग आणखी थोडा. मामाचा हात दाराच्या दांडीवर आवळलेला होता, तो जरासा सैल झाला.

मागून एक ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला. त्याच्या पाठोपाठ एक स्कूटर, त्यावर तिघं. मग गवताच्या पेंढ्या लादलेला एक ट्रॅक्टर, आणि शेवटी एक म्हातारा सायकलवाला घंटी वाजवत त्यांच्या बाजूने निघाला, आत वाकून बघत, गाडी बिघडली असेल तर मदत करावी म्हणून. सकाळी शर्यत जिंकलेल्या त्या पोरीने त्याला हात दाखवून वाट दिली, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून रस्त्याच्या कडेकडेने ती मामाला घरी घेऊन चालली.